अकरावा दगड

मी गवंडी आहे, आणि माझी भिंत वाकडी आहे असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. म्हणालं असतं तर ओळंबा त्याच्याच हातात देऊन मी त्याला तिथे उभं केलं असतं. घरात मला ‘पाणसळ’ म्हणतात. पाणसळ म्हणजे सपाटी तपासायची ती पट्टी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. हे नाव बायकोने ठेवलं. लग्नानंतर आठच दिवसांनी मी सासुरवाडीला गेलो, जेवणाच्या टेबलाखाली कागदाची घडी सारली आणि सासऱ्यांना म्हणालो, “आता जेवा, आता टेबल सरळ आहे.” सासरे त्या टेबलावर एकवीस वर्षं जेवत होते. त्या दिवशी मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं माझ्या या सरळपणामुळेच झालं.

आमच्या घरापासून गाडीने दीड तासावर एक जुना कालवा आहे. दोन्ही बाजूंना शेतं, मधून पाणी, आणि एका वळणावर दगडी धक्का. एके काळी तिथे मालाचे पडाव, म्हणजे सपाट बुडाच्या मोठ्या होड्या, लागायचे. काठावरून घोडा चालायचा, घोड्याला दोर, दोराला पडाव. मग ट्रक आले आणि कालव्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. साठ-पासष्ट वर्षं तिथे गवत आणि बेडूक यांचंच राज्य होतं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तो धक्का ऐतिहासिक ठरवला. ऐतिहासिक ठरलं की आधी बोर्ड लागतो आणि मग दुरुस्ती निघते. दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं.

इंजिनियरचं म्हणणं एकच होतं. “सपाट पाहिजे. लोक फोटो काढत मागे मागे चालतात. कुणी अडखळता कामा नये.”

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. काठावरचे त्रेसष्ट दगड झिजून झिजून खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. झिजलेल्या दगडाचं काय करायचं हे कुठल्याही गवंड्याला विचारा. उलटा करायचा. शंभर वर्षं पाय पडले ते वरच्या तोंडावर, खालचं तोंड कोरं करकरीत असतं. झिजलेलं तोंड चुन्यात दाबायचं, कोरं वर घ्यायचं, की झाला नवा दगड. मी त्रेसष्टच्या त्रेसष्ट दगड उलटे केले. सगळं झाल्यावर या टोकाला काचेची गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. इंजिनियरने माझ्याशी हात मिळवला. बायकोलाही दाखवायला आणलं, तर ती म्हणाली, “छान आहे. बाथरूमसारखं दिसतंय.” मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आता आत्याकडे येतो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, आवाज चाळिशीतला. जन्मभर शिवणकाम केलं, त्यामुळे डोळे गेले असं ती म्हणते. डॉक्टर दुसरं काहीतरी म्हणतात. समोर धरलेलं तिला दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून ती माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघते आणि नवख्या माणसाला वाटतं की बाई आपल्याला काडीची किंमत देत नाही. देत नाहीच, पण त्याचा डोळ्यांशी संबंध नाही.

माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, त्या कालव्यावर पडाव चालवायचे. आत्या लहानपणी त्यांच्याबरोबर असायची. धक्क्यावर लोखंडी कडी होती. कडीपासून अकराव्या दगडावर त्यांच्या दोराची खोबण पडली होती, चार बोटं रुंद, आत गुळगुळीत. पडाव लागताना दोर त्या दगडावरून घासत जायचा, रोज, वर्षानुवर्षं. आत्या नऊ वर्षांची असताना आजोबा गेले. माझे वडील तेव्हा रांगत होते. फोटो एकही नाही.

हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की माझे कान किटले होते. अकरावा दगड, खोबण, बाबांचा हात. आत्या सुरू झाली की मी ‘हं, हं’ म्हणत मनातल्या मनात खोलीच्या भिंती मापायचो. त्यामुळे धक्क्याचे दगड उलटे करताना अकरावा दगड आला, त्यावर चार बोटं रुंद खोबण दिसली, तेव्हा माझ्या मनात फक्त एवढं आलं की इथे चुना जास्त लागणार.

काय करून बसलो ते कळलं काम संपल्यावर. टीव्हीवर धक्क्याची बातमी लागली होती. आत्या टीव्हीच्या कडेला कान लावून बसली होती. बातमी संपली आणि ती म्हणाली, “मला तिथे ने.”

“कशाला?” मी म्हणालो.

“बाबांचा चेहरा आठवत नाही मला,” ती म्हणाली. “दहा वर्षं झाली. आधी नाक गेलं, मग डोळे गेले, आता काहीच येत नाही समोर. हात तेवढा आठवतो. माझा हात त्या खोबणीत असायचा आणि वरून त्यांचा हात. एकदा तिथे हात ठेवला तर बाकीचं येईल असं वाटतं. नेशील ना?”

धक्क्याचं काम मीच केलं हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी नेईन म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मग मी वर्षभर थापा मारल्या. कालव्यात पाणी सोडलंय. कालव्यातलं पाणी काढलंय. रस्ता खणलाय. मधमाश्यांचं पोळं आहे. बायकोला सगळं माहीत होतं. ती शाळेची बस चालवते, रोज पन्नास पोरांच्या थापा ऐकते, त्यामुळे माझ्या थापांना ती मार्क द्यायची. मधमाश्यांना तिने दहापैकी तीन दिले.

मध्यंतरी मी एक उपायही करून पाहिला. अंगणात एक जादा दगड पडला होता. त्यावर मशीनने खोबण पाडली, चार बोटं रुंद, काचकागदाने घासून गुळगुळीत केली. ठरवलं की अशीच एक अकराव्या दगडाच्या कोऱ्या तोंडावर पाडून द्यायची, तिला काय कळणार आहे. बायकोला डोळे मिटून हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला.

“मोरी,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. मोरीचा उतार आहे हा. आणि लाज वाटत नाही तुम्हाला?”

लाज वाटत होती. म्हणूनच तर एवढा खटाटोप चालला होता.

शेवटी आत्याने विचारणं बंद केलं आणि सांगितलं. “रविवारी. नाहीतर मी बसने जाते आणि वाटेत पडते.” ती खरंच पडली असती, नुसती मला शिक्षा म्हणून.

रविवारी आम्ही तिघं निघालो. गाडी बायको चालवते. मी शेजारी बसलो होतो. आत्या मागे होती. तिने नवी चप्पल घातली होती आणि केसांना तेल लावलं होतं. कुणाला तरी भेटायला चालल्यासारखी ती सारखी विचारत होती, “आलं का?”

धक्क्याच्या दाराशी तिकिटाची खिडकी आहे. खिडकीत, दारात आणि आत सगळीकडे एकच माणूस असतो. हा निवृत्त भूगोलमास्तर. तिकीट फाडतो, धावत बाहेर येतो, तेच तिकीट तपासतो आणि मग माहिती सांगतो. मी काम करत होतो तेव्हा तो नव्हता, त्यामुळे मला ओळखत नव्हता. मी मनातल्या मनात हुश्श केलं.

“या ठिकाणी,” मास्तर दोन्ही हात पसरून म्हणाला, “पडावांचे मालक सायंकाळी शांतपणे बसत आणि सूर्यास्ताचा आनंद लुटत.”

“कोण?” आत्याने त्याच्या कानाला विचारलं.

“पडावांचे मालक.”

“पोती कोण उतरवत होतं मग? सूर्य?”

मास्तरने घसा साफ केला. “शुभ्र, उमदे घोडे दोर ओढत असत.”

“आमचा एकच होता. तपकिरी. आणि बहिरा. हाक मारली तर चालायचा नाही, दगड मारला तर थांबायचा.”

मास्तरने खिशातून वही काढली आणि ‘बहिरा’ असं लिहून घेतलं. माणूस वाईट नव्हता. “आणि हे पाहा,” तो बोर्डावरच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाला, “दोरांच्या घर्षणाने इथल्या दगडांवर अशा खोबणी पडल्या होत्या. दुर्दैवाने आज त्यातली एकही—”

“कडी कुठे आहे?” आत्या म्हणाली.

कडी जागेवरच होती. तिला मी हात लावला नव्हता. आत्याने ती चाचपली, कालवा डाव्या हाताला ठेवला, काठी धरली आणि दगड मोजायला सुरुवात केली. काठीचं टोक सांध्यात अडकलं की एक दगड. टक. एक. टक. दोन. सांधे मी अगदी बारीक ठेवले होते, तरी तिला सापडत होते. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं.

अकराला ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू खाली बसली. चप्पल काढून बाजूला ठेवली. मग तळहात दगडावर ठेवला आणि फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत. दगड आरशासारखा सपाट होता. तो सपाट करताना मी जेवायलाही उठलो नव्हतो.

“चुकले,” ती म्हणाली.

ती उठली आणि कडीपाशी परत गेली. पुन्हा मोजलं. पुन्हा बसली. पुन्हा हात फिरवला. या वेळी दहाव्यावर आणि बाराव्यावरही फिरवला. मग तिसऱ्यांदा गेली. आता बायको तिचा दंड धरून होती. आत्या मोठ्याने मोजत होती आणि प्रत्येक आकडा झाला की थांबून तो बरोबर आहे का याचा विचार करत होती.

तिसऱ्यांदा ती बसली आणि हात न फिरवताच बसून राहिली.

“माझंच चुकतंय,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “डोकं पण गेलं वाटतं डोळ्यांच्या मागून. अकरावाच होता असं सांगत आले मी सगळ्यांना. कदाचित खोबण नव्हतीच. कदाचित मीच मनाने जुळवलं सगळं. म्हातारं माणूस जुळवतं.”

रागावली असती तर मी निभावून नेलं असतं. तिच्या रागाची मला सवय आहे. पण हे मला बघवेना.

मास्तर तिची समजूत काढायला पुढे सरसावला. “बाई, तुमचं काही चुकत नाही. काय झालंय, दुरुस्तीच्या वेळी इथे कुणीतरी दीडशहाणा गवंडी—”

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही काय?”

“तो दीडशहाणा. मी उलटा केला दगड. सगळेच केले. अकरावा हाच आहे आत्या, तुझं डोकं ठणठणीत आहे. खोबण होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि खाली गाडली.”

आत्या माझ्या कानाकडे बघत राहिली. बेडूक ओरडत होते. मला वाटलं, आता काठी बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं.

“म्हणजे आहे?” ती म्हणाली.

“आहे. खाली आहे.”

“मोडली नाहीस?”

“नाही.”

“मग माझं तोंड काय बघतोस? उचल.”

मास्तरने दोन्ही हात वर केले. “छे, छे! ऐतिहासिक वास्तूला हात लावता येत नाही. रीतसर अर्ज करावा लागतो. तीन प्रती. उत्तर यायला चार महिने.”

“मी एक्याऐंशीची आहे,” आत्या म्हणाली.

मास्तरने तिच्याकडे बघितलं, मग दगडाकडे, मग बोर्डावरच्या चित्राकडे. वर्षभर तो लोकांना खोबणीची माहिती देत होता आणि त्याने स्वतः एक खोबण कधी पाहिली नव्हती. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“एक ते दीड माझी जेवणाची सुट्टी असते,” तो म्हणाला. “त्या वेळात धक्क्यावर काय चालतं याची मला कल्पना नसते.” मग त्याने दाराला कुलूप लावलं, आमच्याकडे पाठ करून बाकावर बसला आणि डबा उघडला.

बायको एव्हाना गाडीतून पहार, छिन्नी, लाकडी पाचरी आणि अर्धी पिशवी चुना घेऊन आली होती. मी आणायला सांगितलं नव्हतं. ती सामान घरूनच मोजून घेऊन निघाली होती, हे मला तेव्हा कळलं.

मी सांधे फोडले. स्वतःच घातलेला सांधा फोडताना कसं वाटतं ते गवंड्यालाच विचारा. पहार सारली, मी रेटलं, बायकोने पाचर मारली. दगड बोटभर उठला. पुन्हा रेटलं. वीतभर उठला. मग अडला. माझ्या कमरेतून कळ निघाली. तेवढ्यात पहारीवर तिसरे हात आले, त्यांना चटणीचा वास येत होता. “मी जेवतोच आहे,” मास्तर म्हणाला. दगड उभा राहिला.

झिजलेलं तोंड आता आत्याच्या समोर होतं. तिने हात घातला आणि चटकन मागे घेतला. “भरलीय.”

भरलेलीच होती, माझ्या चुन्याने. मी छिन्नीचा लाकडी दांडा उलटा धरून हलकेच ठोकलं आणि खोबणीतला चुन्याचा अख्खा तुकडा सुटून माझ्या हातात आला. वीतभर लांब, एका बाजूने गोल, गुळगुळीत. त्याने असं सुटायला नको होतं. चुना दगडाला धरतो, छिन्नीने खरवडला तरी निघत नाही. पण दगड बसवण्याआधी तो धुवायचा असतो. धूळ राहिली तर चुना धरत नाही, ही शिकाऊ पोराची चूक आहे, यासाठी मी पोरांना कामावरून घरी पाठवलंय. अकरावा दगड मी धुतलाच नव्हता. माझं काम चोख असतं तर ती खोबण कायमची गेली असती.

आत्याने खोबणीत हात ठेवला. चार बोटं बरोबर बसली. मास्तरने डोक्यावरची टोपी काढली.

“आठवलं?” मी शेवटी विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाली.

तिने डोळे मिटले, बोटं हलवली, तळहात उलटा करून पाहिला. “नाही रे. थंड लागतं, एवढंच. चेहरा नाही येत.” ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. “असू दे. आहे हे तरी कळलं.”

मी चुना कालवायला घेतला. बायकोने दगडाची जागा झाडून काढली. आम्ही दगड फिरवला, खोबण वर, आणि हळूहळू खाली आणायला लागलो. या वेळी मी तो धुतला होता. बायको आणि मास्तर पहारीवर होते. आत्या कडेला बसून होती. शेवटचा बोटभर राहिला तेव्हा मला चुन्यात एक खडा दिसला. खडा राहिला की दगड डुगडुगतो. मी तो काढायला हात आत घातला.

“हात काढ! दोर येतोय!”

आवाज आत्याच्या तोंडून आला, पण तो तिचा नव्हता. जाड, भरडा, पुरुषी. माझं मनगट कुणीतरी पकडलं आणि इतक्या जोरात ओढलं की मी कुल्ल्यावर आपटलो. त्याच क्षणी मास्तरची पहार निसटली आणि दगड धाडकन जागेवर बसला.

माझं मनगट अजून आत्याच्या मुठीत होतं. ती तिच्या त्या मुठीच्या कडेला कुठेतरी बघत होती.

“कुठला दोर?” बायको हळूच म्हणाली.

“त्यांचं आहे हे,” आत्या म्हणाली. “हे ते ओरडायचे. रोज. मी रोज तिथे हात घालायचे आणि ते रोज ओरडायचे.” तिने माझ्या मनगटावरची पकड सैल केली आणि पुन्हा घट्ट केली. “अरे, ते माझा हात धरून तिथे ठेवत नव्हते. ओढून काढायचे. असं. मला सगळा जन्म वाटत होतं, प्रेमाने ठेवायचे.”

आणि मग ती रडली. मोकळी, मोठ्याने, नऊ वर्षांची पोर रडते तशी. रडता रडता म्हणाली, “शिव्या पण द्यायचे,” आणि त्यातली एक देऊनही दाखवली. मास्तरने ती मात्र वहीत लिहिली नाही.

परत येताना आत्याने चुन्याचा तो तुकडा मांडीवर घेतला होता. तो आता तिच्या शिवणयंत्राशेजारी असतो. कापड दाबून धरायला उपयोगी पडतो असं ती सांगते. यंत्र तिने सहा वर्षांत चालवलेलं नाही. माझ्या मनगटावर चार निळे डाग पडले होते, ते आठवडाभर टिकले. मी बाह्या दुमडूनच हिंडत होतो.

महिन्याभराने इंजिनियरने मला धक्क्यावर बोलावून घेतलं. तो फोटो काढत मागे मागे चालत होता आणि अडखळला होता. गुडघ्याला पट्टी होती. त्याने अकराव्या दगडावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

“बासष्ट दगड सपाट आणि हा एक बघा,” तो म्हणाला. “हा कुणी बसवला?”

“मी,” मी म्हणालो.